पाटीवर किती अक्षरं

रंगराव पेंटर अक्षरावर पैसे घेतो,
वेलांटीचे वेगळे घेत नाही, एवढीच सूट.
रस्ता रुंद झाला, पाटी निम्मी कापली गेली,
तेव्हा म्हणाला, वहिनी, ह्यात आता सगळं बसायचं न्हाई.
काय ठेवायचं ते ठरवा,
मी चहा मारून येतो.

जुन्या पाटीवर सासऱ्यांनी काही सोडलं नव्हतं.
टर्निंग, शेपिंग, वेल्डिंग,
ऑइल इंजिनचे सर्व सुटे भाग,
गेट, ग्रिल, शटर,
आणि तळाला लाल रंगात,
इतर कोणतेही काम करून मिळेल.
उद्यमनगरात आमच्या गल्लीत सतरा पाट्या.
सतराही हेच म्हणतात.

दीर म्हणाले, वाजवी दर लिही.
वाजवी आम्ही कधीच नव्हतो.
मुलगा म्हणाला, सीएनसी लिही.
सीएनसी शिरोलीत आहे,
आपल्याकडे तिचं कॅलेंडर आहे.

मग मी उधारीची वही काढली, तीन वर्षांची.
कुणी बुडवले ते ह्या वेळी बघितलं नाही,
दुसऱ्यांदा कोण आलं, तेवढं शोधत गेले.
ग्रिलवाले एकदाच.
शटरवाला दोनदा, पण दुसऱ्यांदा भांडायला.
कसबा बीडचे तोडकर मात्र नोव्हेंबरात, परत जानेवारीत.
वडणग्याचे दोघे भाऊ, वेगवेगळे,
एकमेकांना न सांगता.
एकाचं तर नावच नाही,
नुसतं ‘गूळवाले, टेंपो, रात्री पावणेदोन’.
पुढे सगळीकडे माझ्याच अक्षरात एकच काम,
चरक्याचा दात.

चरका थांबला की गुऱ्हाळ थांबतं,
रस थांबत नाही, तो आंबत जातो.
माणसं तुटका दात फडक्यात बांधून आणतात.
इलाही मिस्त्री तो तळहातावर घेतात,
अंगठा फिरवतात.
ड्रॉइंग मागत नाहीत,
‘शेजारच्या दाताला इचारतो’ म्हणतात.
एकदा पहाटे चाक बसवून झालं,
गिऱ्हाईक पैसे मोजत होतं,
मिस्त्री म्हणाले, कुरकुरतंय,
आणि सगळं पुन्हा उतरवलं.
बिल तेवढंच.

हे आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं.
आम्हाला ते काम वाटलंच नव्हतं कधी,
अडल्यानडल्याची सोय वाटायची.

‘ऑइल इंजिन’वर बोट अडलं.
त्या शब्दावर हे घर उभं राहिलं,
दोन नणंदा उजवल्या.
गेल्या वर्षी त्याचे भाग गेले चार.
त्यातला एक परत आला.

आणि मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे,
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
एका माणसाच्या अंगठ्यावर पाटी रंगवायची
म्हणजे काय, हे मला कळत होतं.
म्हणून पाटीच्या आधी एक स्टूल आणलं,
आयटीआयची सुकन्या कांबळे
ग्रिलवरून काढून मिस्त्रींशेजारी बसवली.
ग्रिलच्या दोन ऑर्डरी परत पाठवल्या.
त्या रात्री पंख्याकडे बघत
त्यांचीच बेरीज करत बसले होते.

रंगराव आला. काय लिहू?
चरक्याचे दात. रात्रीही.
त्याने बोटांवर मोजलं. नऊ.
एवढ्यावर माझं कसं भागायचं, वहिनी?
उरलेल्या जागेत कमळ काढतो म्हणाला.
म्हटलं, मोकळी राहू दे.

दुसऱ्याच दिवशी गाल सुजलेला एक म्हातारा
पाटी वाचून आत आला.
मिस्त्रींनी आधी त्याला बसवलं,
मग दवाखान्याचा पत्ता सांगितला.
अजून तेवढंच एक गिऱ्हाईक.

हंगामाला तीन आठवडे आहेत.
फोन उशाशी घेऊन झोपते.
सुकन्या रोज एक जुना दात घरी नेते,
जेवताना ताटाशेजारी ठेवते,
डाव्या हाताचा अंगठा त्यावर फिरवत राहते.
तिची आई मला फोन करून ओरडली.